पुढची सीट

“गुडघे ठेवायचे कुठं इथं? काढून मांडीवर घेऊ का?”

दादा हे स्वतःशीच पुटपुटले, पण त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभरही लांब नव्हतं. आम्ही दोघं त्या सात सीटर गाडीच्या शेवटच्या बाकड्यावर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे घडी घालून ठेवलेले होतो. दादांचं डोकं छताला आणि गुडघे हनुवटीला टेकलेले. मी बुटकी म्हणून माझे पाय मावले, पण माझा पदर दादांच्या मांडीखाली अडकला होता आणि थोरल्या दिराला ‘जरा उठता का’ म्हणायचं कसं, या संकोचापायी मी वाकडी होऊन बसले होते.

“कसं वाटतंय मागं?” पुढून ह्यांनी मोठ्यानं विचारलं. हे म्हणजे माझे यजमान, शरद. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, शाळेच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले होते.

“ऐसपैस,” दादा म्हणाले.

दादा असेच. हायस्कूलात चित्रकलेचे मास्तर. पोरं खिडकीच्या गजांवर चढली तर ‘सावकाश उतरा रे’ म्हणणार, ‘चढू नका’ म्हणणार नाहीत.

आणि पुढं, ह्यांच्या डाव्या हाताला, खिडकीची काच चार बोटं खाली करून कुमुदवहिनी बसल्या होत्या. दादांची बायको, माझी थोरली जाऊ. मांडीवर पर्स, पर्सवर रुमाल, रुमालावर कापलेलं लिंबू.

वहिनींना गाडी लागते. आमच्या घरात हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकले, देवघराचा दिवा कुणी लावायचा आणि पिठाचा डबा कुठं असतो ते शिकले त्याच्याबरोबर. देवदर्शनाला निघालो होतो. भाड्याची गाडी होती, हे चालवत होते, आणि मी नवी नवरी म्हणून पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “शैला, मागं बस हो. कुमुदला लागते गाडी.” मी मागं बसले. त्यानंतर एकोणीस वर्षं मागंच बसले होते.

पुढं आम्ही स्वतःची व्हॅन घेतली. घरात चुली दोन झाल्या, वर आम्ही नि खाली दादा-वहिनी, पण गाडी एकच राहिली. कुठं लग्न असो, बारसं असो, दवाखाना असो, हे चालवणार, शेजारी वहिनी, मागं दादा, पोरं, पिशव्या आणि मी. सासूबाई गेल्या, वहिनींच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, आमचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला. मागची गर्दी ओसरली, मागं आम्ही दोघंच उरलो. थोरला दीर आणि धाकटी भावजय. सासूबाईंच्या काळात ज्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय जायचं नाही, त्यांच्याच शेजारी मी निम्मा महाराष्ट्र बघितला. दादा खिडकीतून डोंगर बघायचे आणि मी पुढच्या सीटांच्या फटीतून माझा संसार बघायची.

कारण वहिनी पुढं नुसत्या बसत नसत. संत्रं सोलून एकेक फोड ह्यांच्या हातावर ठेवायच्या, शिरा काढून. काचेवर धुकं आलं की रुमालानं पुसायच्या. “भाऊजी, डावीकडनं ट्रॅक्टर,” “भाऊजी, डोळा लागतोय का, चहाला थांबू या.” आणि आमचे हे, ज्यांना घरात मी जेवायला बोलावलं तर तिसऱ्या हाकेला ऐकू येतं, ते वहिनींचा पहिला शब्द संपायच्या आत ब्रेकवर पाय ठेवायचे.

मी एकदा प्रयत्न केला होता. जोतिबाला जाताना घाटाच्या अलीकडं म्हणाले, “मलाही मळमळतंय हो.” वाटलं, आता गाडी थांबेल, अदलाबदल होईल. वहिनींनी पुढून मागं हात केला. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि लिंबाची उरलेली अर्धी फोड.

“वास घे हं,” म्हणाल्या. “बरं वाटतं.”

दादांनी त्या वेळी माझ्याकडं बघितलं होतं.

*

तर ही नवी गाडी. बारा वर्षं झाली त्याला. व्हॅन थकली होती आणि ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बरं चाललं होतं. एका संध्याकाळी भजी खाता खाता हे म्हणाले, “मोठी गाडी घेऊ या का आता? उंच. रस्ता दिसला पाहिजे.”

महिनाभर आम्ही दोघं तेच करत होतो. पेपरातल्या जाहिराती कापून मी एका वहीत चिकटवल्या. हे रात्री जेवताना इंजिनाबद्दल सांगायचे आणि मी ‘पाठीमागं एसी येतो का’ विचारायची, कारण मला मागचीच माहिती. शेवटी दोन गाड्या उरल्या, दोन्ही एकाच शोरूममधल्या. एक सात जणांची, लांबलचक, आणि दुसरी आखूड, पाच जणांची. सातची ह्यांना हवी होती. पोरी-जावई आले म्हणजे, दिवाळीला सगळे निघालो म्हणजे, असं त्यांचं म्हणणं. मला पाचची हवी होती. कारण विचारलं तर मी म्हणायची, “आपल्या बोळात वळायला सोपी.” खरं कारण तोंडावर आणायची सोय नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाला एक्केचाळीस वर्षांची बायको कशी सांगणार, की मला आपल्या दोघांची गाडी पाहिजे, जिच्यात सगळे मावणार नाहीत अशी?

एका गुरुवारी दुपारी मी एकटी त्या शोरूममध्ये जाऊन आले होते. कुणाला सांगितलं नाही. आखूड गाडी आत काचेशी उभी होती. मी पुढचं डावं दार उघडलं, बसले आणि दार लावून घेतलं. आत नव्या प्लॅस्टिकचा वास आणि एकदम शांत. समोर एवढी मोठी काच. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं, तिथं ह्यांचा खांदा कुठवर येईल याचा अंदाज घेतला आणि उतरून बसनं घरी आले.

नेमका पितृपंधरवडा होता. त्या दिवसांत कुणी गाडी घेत नाही, शोरूम ओस असते. हे म्हणाले, “तेच बरं. गर्दी नाही, निवांत चालवून बघू. घट बसले की बुक करू, दसऱ्याला दाराशी. रविवारी जाऊ, आपण दोघंच.”

आपण दोघंच. हे शब्द मी रविवारपर्यंत तोंडात खडीसाखरेसारखे घोळवले. सकाळी मोरपंखी साडी नेसले, खाली उतरले, तर ओसरीवर वहिनी तयार बसलेल्या. हातात लिंबू.

“भाऊजी म्हणाले, चला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, गाडी घरची आहे, बघून घेऊ. हे पण येतायत.”

दादा चपला घालत होते. त्यांनी माझ्या साडीकडं बघितलं, मग लिंबाकडं, आणि म्हणाले, “मी राहतो की घरी.”

“तुम्ही काय करणार घरात एकटे?” वहिनी म्हणाल्या.

ह्यांना मी जिन्यात गाठलं. “दोघंच म्हणाला होता ना?”

“अगं, त्यांना एवढं सांगितल्याशिवाय बरं दिसतं का? आणि वहिनींना गाडीतलं कळतं.”

“आणि मला?”

“तुला कलर ठरवायचाय की.”

*

शोरूमचे पाटोळे म्हणून गृहस्थ होते, पन्नाशीचे, केस काळेभोर केलेले, गळ्यात ओळखपत्र. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाशेजारी पुढं बसायचा मान त्यांचा. ते दार उघडून बसणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “मला पुढंच बसावं लागतं हो, मला लागते गाडी,” आणि पाटोळे गुपचूप मधल्या रांगेत गेले. ह्यांनी आम्हाला सांगितलं, “दादा, शैला, तुम्ही अगदी मागं बसून बघा बरं. मागची सीट कशी आहे ते कळायला पाहिजे.”

म्हणून आम्ही तिथं होतो, घडी होऊन.

कोल्हापूर रस्त्याला लागलो. पाटोळे मधल्या रांगेत एकटेच राजासारखे बसून बोलत होते. पिकअप बघा साहेब, उंची बघा साहेब, खड्डा कळतो का सांगा. खड्डा आम्हाला कळत होता. प्रत्येक खड्ड्याला दादांचं डोकं छताला लागत होतं आणि दादा छताला ‘माफ कर’ म्हणत होते. मला हसू आलं. इतक्या रागातसुद्धा आलं.

“ह्याचा गिअर आपल्या व्हॅनपेक्षा हलका पडतोय ना, भाऊजी?” पुढून वहिनी म्हणाल्या.

“लोण्यासारखा,” हे म्हणाले. मला हा शब्द ह्यांच्या तोंडून माहीतच नव्हता.

“आणि आरसा जरा वर करा. मागचं दिसत नाहीये तुम्हाला.”

ह्यांनी आरसा वर केला. आता आरशात मला ह्यांचे डोळे आणि निम्मं कपाळ दिसायला लागलं. डोळे रस्त्यावर होते. मी मनात म्हणाले, एकदा मागं बघा. अंकलीचा पूल येईपर्यंत एकदा. ते बघत होते, पण मागून येणाऱ्या ट्रककडं.

“वा, साहेब!” पाटोळे खुश होऊन म्हणाले. “मॅडमना गाडीतलं कळतं हं. नाहीतर आमच्याकडं येणाऱ्या मॅडम लोक फक्त कलर विचारतात. जोडी अशी पाहिजे बघा. एकानं चालवायचं, एकानं बघायचं.” मग मागं वळून मला म्हणाले, “ताई, तुम्हाला एसी येतोय ना मागं?”

मॅडम पुढं होत्या. ताई मागं.

मला कळायला दोन विजेचे खांब गेले. ह्या माणसाला वाटत होतं, की वहिनी ह्यांची बायको. आणि मी दादांची कुणीतरी. बायको म्हणा, बहीण म्हणा, मागं बसणारी कुणीतरी.

मी वाट बघितली. आता हे हसतील, म्हणतील, ‘अहो पाटोळे, मॅडम मागं बसल्यात.’ काय अवघड होतं? पाच शब्द. हे बोलले नाहीत. ह्यांच्या कानाची पाळी मात्र लाल झालेली मला फटीतून दिसली. वहिनी बोलतील असं वाटलं. त्यांनी लिंबू नाकाला लावलं आणि बाहेर बघायला लागल्या. दादा उसाचे फड बघत होते, जणू पहिल्यांदाच ऊस बघत होते.

मग मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं.

“येतोय,” मी म्हणाले. “एसी येतोय.”

पुलाच्या अलीकडं पाटोळ्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. आम्ही उतरलो. दादा तर हप्त्याहप्त्यानं उतरले, आधी एक पाय, मग काठी आणल्यासारखा दुसरा. नदीवरून वारा येत होता. पाटोळ्यांनी खिशातून मोबाईल काढला.

“साहेब, मॅडम, जरा गाडीजवळ उभं राहा. आमची पद्धत आहे. टेस्ट ड्राइव्हला आलेल्या जोडीचा फोटो आम्ही शोरूममध्ये लावतो. गाडी घ्या न घ्या, फोटो राहतो.”

वहिनी म्हणाल्या, “इश्श, नको, फोटो कशाला.”

पण मी बघत होते. ‘नको’ म्हणायच्या आधी त्यांचा हात केसांकडं गेला होता. वाऱ्यानं कानाशी आलेली बट त्यांनी मागं खोचली होती आणि मग ‘नको’ म्हणाल्या होत्या. सत्तेचाळीसच्या बाईचा हात. नेहमी कणकेत असणारा. मला त्या हाताचा इतका मत्सर वाटला, की तो सांगितला तर आज मलाच खोटा वाटेल. संत्र्याच्या फोडींचा मी केला नव्हता एवढा.

“फोटो नको हो,” हे म्हणाले. “उशीर होतोय. दुसरी गाडी पण बघायचीय.”

फोटो नको म्हणाले. ही माझी वहिनी आहे, असं नाही म्हणाले.

परतताना मी दादांना हळूच विचारलं, “दादा, तुम्ही का नाही सांगितलंत त्याला?”

दादा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “मी कुणाचा कोण, ते त्यानं विचारलंच नाही.”

*

शोरूमच्या आवारात आखूड गाडी बाहेर काढून ठेवली होती, सगळी दारं उघडी. पांढरीशुभ्र. पाटोळे म्हणाले, “हिला आमच्या रजिस्टरला लायसनची झेरॉक्स लागते. साहेब, द्या लायसन, पाच मिनिटांत येतो. मॅडम, तुम्ही बसून घ्या तोवर.”

ते आत गेले. आवारात दुसरं कुणी नव्हतं. वहिनी नळाशी रुमाल ओला करायला गेल्या. हे वाकून टायर बघत होते, दादा पाठ मोकळी करत उभे.

आणि मी जाऊन पुढच्या सीटवर बसले.

ठरवून बसले असं म्हणता येणार नाही. पाय गेले. दार ओढून घेतलं, पट्टा छातीवरून घेतला आणि खाचेत घातला. खट्ट वाजलं. काच खाली होती, तेवढी वर करायचं बटण मला सापडेना.

वहिनी रुमाल पिळत आल्या. दाराशी थांबल्या. आधी त्यांना वाटलं, मी नुसती बघतेय.

“कशी आहे गं?” म्हणाल्या.

“छान आहे.”

त्या थांबल्या. मी उतरेना.

“शैला,” वहिनी हसून म्हणाल्या, “मला लागते गं गाडी.”

“मलाही लागते, वहिनी.”

“तुला कधीपासनं?”

“जोतिबापासनं.”

त्यांचं हसू गेलं. हे टायर सोडून आले. काय चाललंय ते त्यांना एका नजरेत कळलं आणि त्यांनी तोच आवाज काढला, जो दुकानात कामगार चुकीची तार जोडतो तेव्हा काढतात.

“शैला, पोरकटपणा करू नको. तो माणूस येईल आता. उतर.”

“तो माणूस आला तर बरंच की. त्याला कळू दे.”

“काय कळू दे?”

“मॅडम कोण ते.”

ह्यांनी इकडं तिकडं बघितलं. “एवढ्यातेवढ्यावरनं तमाशा करायचा का? वहिनींना त्रास होतो, तुला माहीत आहे. वीस वर्षं माहीत आहे. उतर, मागं बस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली बघितलं आणि पट्टा सोडायला लागले. हो, सोडायला लागले. ‘मागं बस’ म्हटलं की माझे हात आपोआप चालायचे. पण नव्या गाडीचा पट्टा, त्याचं बटण कुठं दाबायचं ते मला माहीत नव्हतं. मी खुडबुड करत होते, ओढत होते. बायकोचा मान पाहिजे म्हणून बसलेली बाई त्याच सीटला अडकून पडली होती आणि तिचा नवरा, तिची जाऊ, दोघं उघड्या खिडकीतून बघत होते.

“उतरू नकोस.”

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. दादांचा आवाज इतका स्पष्ट मी कधी ऐकला नव्हता. ते बॉनेटच्या पलीकडं उभे होते, हात मागं बांधून.

“शैला, उतरू नकोस तू. बस तिथं.”

“दादा,” हे म्हणाले, “अहो, वहिनींना—”

“काही होत नाही तिला.”

वहिनींनी ओला रुमाल घट्ट धरला.

“अहो, काय बोलताय?”

“गेल्या महिन्यात तू जतहून, माहेरनं आलीस ना. मी स्टँडवर न्यायला आलो होतो. लवकर आलो होतो जरा.” दादा मुलांना रेघ कशी मारायची सांगावी तसे बोलत होते, सावकाश. “एस्टी शिरताना बघितलं मी तुला. अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीत. भेळ खात होतीस. साडेतीन तासांचा रस्ता आहे, कुमुद. लिंबू नव्हतं हातात.”

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“लोकांत काय हे,” एवढंच म्हणाल्या.

“लोक कुठायत? चौघंच आहोत आपण. तो झेरॉक्सला गेलाय.”

“दादा, जाऊ द्या ना,” हे पटकन म्हणाले. “जुनं झालं आता ते.”

मी पट्ट्याशी झटायची थांबले.

“काय जुनं झालं?” मी विचारलं.

ह्यांनी बुटाच्या टोकानं खडा सरकवला. वहिनी गाडीच्या दाराकडं बघत होत्या. मी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला कळलं, की आवारात चार माणसं आहेत आणि त्यांतल्या तिघांना काहीतरी माहीत आहे. वीस वर्षं मी मत्सर करत होते आणि दर वेळी स्वतःलाच रागवत होते, की शैला, मन कोतं आहे तुझं, त्यांना बिचाऱ्यांना गाडी लागते.

“अहो, मी विचारतेय. काय जुनं झालं?”

“काही नाही गं,” हे म्हणाले. “तुझी शपथ, काही नाही. माझ्याकडनं कधी काही नव्हतं.”

“तुझ्याकडनं नव्हतंच,” दादा म्हणाले. “तू पोरगा होतास विशीतला. तुला नंतर कळलं, चिडवाचिडवीत. मला लग्नाच्या पंगतीतच कळलं. हिच्या मावशीनं हसत हसत सांगितलं, जिलबी वाढताना. सगळे हसले, मी पण हसलो. आणि मग घरात कुणी त्यावर बोललं नाही. मी नाही, आई नाही, तुम्ही दोघं नाही.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. “शैलाला तर कुणी सांगितलंच नाही. ती आपलं समजत आली, तिच्यातच काही कमी आहे.”

“दादा, बस करा,” हे म्हणाले.

“मी रागावलेलो नाही, शरद. चोवीस वर्षांत रागावलो का कधी? मला वाटायचं, एवढ्यानं तिला बरं वाटतंय तर वाटू दे. पुढं बसली की ती गाणं गुणगुणते, तुम्हाला माहीत नसेल. घरात कधी गुणगुणत नाही.” आता त्यांचा आवाज जरासा हलला. “पण आज त्या माणसानं फोटो काढायला मोबाईल काढला, तेव्हा मी नदीकडं तोंड करून उभा होतो. मला शरम वाटली. हिची नाही. माझी. एक पोरगी वीस वर्षं माझ्या शेजारी बसून रडं गिळतेय, आणि मी तिला डोंगर दाखवतोय.”

आत काचेपलीकडं झेरॉक्सच्या यंत्राचा हिरवा उजेड सरकून गेला. वहिनींनी डोळे पुसले, ओल्याच रुमालानं, त्यामुळं चेहरा आणखी ओला झाला. मला त्यांचा राग आला पाहिजे होता. मी राग शोधत होते, पट्ट्याचं बटण शोधावं तसा, आणि हाताला लागत नव्हता.

“वहिनी,” मी म्हणाले, “तुम्ही सांगा. मला दुसऱ्या कुणाकडनं नको.”

त्या दादांकडं वळल्या. ह्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही.

“सांगू?”

“सांग,” दादा म्हणाले. “मला माहीतच आहे. फक्त तुझ्या तोंडून ऐकलं नाही कधी.”

वहिनी खिडकीशी वाकल्या. इतक्या जवळ, की त्यांच्या श्वासाला लिंबाचा वास येत होता.

“बघायला आले होते मला. आमच्याकडं रीतच होती, मुलीनं मान वर करायची नाही. म्हणून गाडी वाजली तशी मी आधीच माडीच्या खिडकीतनं बघून घेतलं. कारखान्याची जीप मागून आणली होती ह्या मंडळींनी. दार उघडून एकजण उतरला, उंच, बाह्या दुमडलेल्या, किल्ली बोटावर फिरवत. पोहे द्यायला गेले तेव्हा मला फक्त पाय दिसले, सगळ्यांचे. आत आल्यावर आईनं विचारलं, पसंत आहे का. मी हो म्हणाले. अंतरपाट काढला तेव्हा समोर हे होते. आणि भाऊजी मागं अक्षता टाकत होते.”

“कुमुद,” दादा म्हणाले.

“थांबा, बोलू द्या. जीप भाऊजींनी चालवत आणली होती, शैला. मला वाटलं, चालवतो तोच नवरामुलगा. मागं कोण बसलंय, ते मी बघितलंच नाही.”